शब्दांचे हास्यमूल्य : ध्वनी, अर्थ आणि श्रोत्याची अपेक्षा

सारांश

एकाच वस्तूला अनेक नावे असतात. त्यांपैकी एखादे उच्चारताच श्रोता हसतो, दुसरे मात्र गंभीरपणे ऐकून घेतो. हा फरक कशामुळे पडतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. भारतीय व पाश्चात्त्य हास्यमीमांसा, इंग्रजी शब्दांच्या हास्यमूल्याची अलीकडील मोजणी आणि मराठीतील ध्वनिरूपे, अभ्यस्त शब्द, ग्रंथनामे व बोली यांच्या आधारे असे दाखविले आहे की, शब्दाचे हास्यमूल्य हा शब्दाचा अंगभूत गुण नसून श्रोत्याच्या अपेक्षेशी असलेले त्याचे नाते आहे. वर्गात बोलीभाषेला जे हसले जाते, त्याचा विचारही याच दृष्टीने केला आहे.

बीजसंज्ञा : हास्यरस, विसंगती, ध्वनिरूप, अभ्यस्त शब्द, शब्दांची प्रतिष्ठा, बोली, प्रमाणभाषा.

१. प्रस्तावना

'चरण', 'पाय' आणि 'तंगडी' ही शरीराच्या एकाच अवयवाची नावे आहेत. चरणांना वंदन केले जाते, पायांनी चालले जाते आणि तंगडी बहुधा कोठे तरी अडकते किंवा मोडण्याच्या धमकीत ऐकू येते. 'मस्तक', 'डोके' व 'टाळके' किंवा 'मुख', 'तोंड' व 'थोबाड' या त्रयींतही हाच क्रम आढळतो. पहिला शब्द आदराचा, दुसरा नित्याच्या व्यवहाराचा आणि तिसरा हसू किंवा राग घेऊन येणारा. अवयव तोच, पण नाव बदलताच श्रोत्याच्या चेहऱ्यावरील भाव बदलतो.

यावरून एक गोष्ट आरंभीच स्पष्ट होते. हसू वस्तूत असते, असे म्हणावे तर तिन्ही शब्दांना सारखेच हसू यावयास हवे होते. ते तसे येत नाही. मग ते शब्दाच्या ध्वनीत असते काय? की अर्थाच्या छटेत? की शब्दाला समाजाने दिलेल्या स्थानात? या प्रश्नाचा विचार भाषाविज्ञान, मानसशास्त्र व साहित्यशास्त्र या तिन्ही शाखांत झालेला असून त्यांचे निष्कर्ष एकत्र ठेवून पाहिल्यास मराठीच्या अभ्यासकाला उपयुक्त असे बरेच काही हाती लागते. शिवाय हा प्रश्न केवळ करमणुकीचा नाही. कोणता शब्द हास्यास्पद, हे ठरविताना कोणता बोलणारा हास्यास्पद, हेही नकळत ठरविले जात असते.

२. हास्याची कारणमीमांसा

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातील सहाव्या अध्यायात हास्यरसाचे विवेचन आले आहे. हास हा त्याचा स्थायीभाव. विकृत वेष, विकृत अलंकार, धार्ष्ट्य, लोलुपता, असंबद्ध बडबड, अंगवैगुण्याचे दर्शन इत्यादी गोष्टी भरतांनी त्याचे विभाव म्हणून सांगितल्या आहेत. या यादीतील समान सूत्र 'विकृत' या शब्दात आहे. विकृत म्हणजे येथे घृणास्पद नव्हे, तर जे जसे असावयास हवे तसे नसणे. अभिनवगुप्तांनी हे सूत्र अधिक व्यापक केले. अनौचित्य शिरले की कोणत्याही रसाचा आभास हास्याचे कारण होऊ शकतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. शृंगार अस्थानी झाला, वीरवृत्ती अपात्र व्यक्तीने दाखविली, तर प्रेक्षक हसतो.

पाश्चात्त्य विचारातही हे सूत्र वेगळ्या मार्गाने आले आहे. इमॅन्युएल कांट यांनी १७९० मध्ये हास्याचा संबंध ताणलेल्या अपेक्षेचे अचानक शून्यात रूपांतर होण्याशी जोडला. आर्थर शोपेनहॉवर यांनी कल्पना आणि प्रत्यक्ष वस्तू यांच्यातील विसंगतीची अचानक झालेली जाणीव हे हास्याचे मूळ मानले. आंरी बर्गसाँ या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या हास्यविषयक ग्रंथात, सजीव माणूस यंत्रासारखा किंवा वस्तूसारखा वागू लागला की हसू येते, असा सिद्धान्त मांडला.

परंतु प्रत्येक विसंगती हास्यास्पद नसते. घराला आग लागणे अनपेक्षित असते, पण त्याला कोणी हसत नाही. ही उणीव पीटर मॅकग्रॉ व कॅलेब वॉरन या अमेरिकन अभ्यासकांनी २०१० मध्ये मांडलेल्या उपपत्तीने काही अंशी भरून काढली. त्यांच्या मते, एखाद्या नियमाचा किंवा रूढीचा भंग झालेला दिसावा आणि त्याच क्षणी तो भंग निरुपद्रवी आहे, असेही वाटावे, तेव्हा हसू येते. यातील 'वाटावे' हे क्रियापद महत्त्वाचे आहे. निरुपद्रवीपणा कोणाला वाटतो, हा प्रश्न लेखाच्या अखेरीस पुन्हा विचारात घ्यावा लागेल.

३. हास्यमूल्याची मोजणी

काही ध्वनीच मुळात विनोदी असतात, ही समजूत रंगभूमीवरील कलावंतांत जुनी आहे. नील सायमन यांच्या १९७२ च्या 'द सनशाइन बॉइज' या नाटकातील वृद्ध नट आपल्या पुतण्याला सांगतो की, 'क' हा ध्वनी असलेले शब्द हसवितात. त्याच्या मते 'पिकल' व 'चिकन' हे शब्द विनोदी आहेत, 'टोमॅटो' नाही. हे मत अनुभवातून आलेले असले तरी गेल्या दशकात त्याची पडताळणी करण्याचे प्रयत्न झाले आहेत.

कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठातील ख्रिस वेस्टबरी व त्यांचे सहकारी यांना वाचाघाताच्या रुग्णांवरील एका अभ्यासात एक विलक्षण गोष्ट आढळली. अक्षरांचा समूह हा खरा शब्द आहे की बनावट, एवढेच रुग्णांनी सांगावयाचे होते. परंतु 'स्ननकूपल' यासारखे काही निरर्थक समूह समोर येताच ते हसू लागत. अर्थच नसलेल्या शब्दाला हसू का यावे? या प्रश्नातून पुढे आलेले संशोधन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या माहितीसिद्धान्तातील एन्ट्रॉपी या मापाचा त्यात उपयोग केला होता. भाषेत कोणते अक्षर किती वारंवार येते, हे मोजून एखादा अक्षरसमूह त्या भाषेत किती असंभाव्य आहे, हे संख्येने सांगता येते. दोन निरर्थक शब्दांची जोडी दाखविल्यास लोक सामान्यतः अधिक असंभाव्य रूपाचा शब्द अधिक विनोदी ठरवितात, असे त्यातून दिसून आले. विसंगती अर्थात असावी लागते असे नाही, ती अक्षरांच्या घडणीतही असू शकते, हा या अभ्यासाचा महत्त्वाचा निष्कर्ष होय.

खऱ्या शब्दांच्या बाबतीत चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. ब्रिटनमधील वॉरिक विद्यापीठातील टोमास एंगेलथालर व थॉमस हिल्स यांनी ४,९९७ इंग्रजी शब्दांना सर्वसामान्य लोकांकडून एक ते पाच अशा श्रेणीत हास्यगुण देवविले. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. क्वचित वापरले जाणारे शब्द अधिक विनोदी ठरण्याकडे कल आढळला. हिंसा व अत्याचार यांचे वाचक शब्द यादीच्या तळाशी गेले. वेस्टबरी व जेफ हॉलिस यांनी २०१९ मध्ये याच सामग्रीचे विश्लेषण केले. त्यात 'क' व दीर्घ 'ऊ' यांसारख्या ध्वनींचा काही परिणाम खरोखरच दिसला. त्यामुळे सायमन यांच्या नाटकातील नटाचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते, असे म्हणता येईल. परंतु ध्वनीपेक्षा अर्थाचा प्रभाव मोठा होता. विनोदी ठरलेले शब्द प्रामुख्याने लैंगिकता, शरीरधर्म, निर्भर्त्सना, शिव्या, प्राणी आणि मौजमजा या अर्थक्षेत्रांभोवती गोळा झालेले आढळले.

४. मराठी ध्वनी आणि त्यांचे स्थान

इंग्रजीतील ही निरीक्षणे मराठीस जशीच्या तशी लागू करता येत नाहीत. 'क' हा ध्वनी मराठीत अतिशय रुळलेला आहे. 'काव्य', 'कमळ', 'करुणा' या शब्दांत त्यामुळे कोणतीही गंमत निर्माण होत नाही. मराठीत हे काम मुख्यतः मूर्धन्य व महाप्राण ध्वनी, द्वित्त आणि 'बावळट', 'धांदरट' यांसारख्या शब्दांतील शेवटचा 'ट' ही रूपे करतात. 'ढब्बू', 'मठ्ठ', 'ढेरपोट्या', 'वेंधळा', 'भोंगळ', 'गबाळा', 'टकल्या' या शब्दांकडे पाहिल्यास ही गोष्ट ध्यानात येते. 'पोर' या साध्या शब्दाला 'ट' लागून 'पोरटे' झाले की कौतुकाची जागा त्रासिक थट्टा घेते. 'कवी'चा 'कवडा' होताच त्याची प्रतिभा संशयास्पद ठरते.

तरीही हे ध्वनी स्वतःच विनोदी आहेत, असे म्हणता येत नाही. 'ढ' याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. 'गूढ', 'दृढ', 'गाढ' व 'आषाढ' या शब्दांत 'ढ' आहे, पण हसू नाही. 'ढेकर', 'ढेकूण', 'ढोंग', 'ढिसाळ' व 'ढेरी' या शब्दांत मात्र तोच ध्वनी थट्टेला अनुकूल ठरतो. फरक स्थानाचा आहे. संस्कृतातून जशाच्या तशा आलेल्या तत्सम शब्दांच्या आरंभी 'ढ' क्वचितच येतो. त्यामुळे आरंभीचा 'ढ' ऐकताच शब्द देशी व घरगुती वळणाचा आहे, याची सूचना मराठी कानाला मिळते. अर्थात 'ढग' व 'ढाल' हे शब्द आरंभी 'ढ' असूनही विनोदी नाहीत. म्हणजे ध्वनी केवळ वाट मोकळी करतो, त्या वाटेने हसू येईल की नाही हे अर्थावर अवलंबून राहते. जे ध्वनीचे हास्यमूल्य वाटते, ते बऱ्याच अंशी त्या ध्वनीला चिकटलेल्या सामाजिक स्थानाचे हास्यमूल्य असते.

'ढ' या एकाच अक्षराने अभ्यासात मागे पडणाऱ्या विद्यार्थ्याला हिणविण्याची प्रथा मराठी शाळांत दीर्घकाळ चालत आली आहे. ब्राह्मी लिपीपासून देवनागरीपर्यंत बहुतेक अक्षरांची वळणे बदलली, 'ढ' मात्र जवळजवळ होता तसाच राहिला, म्हणून जागचा न हलणारा विद्यार्थी 'ढ', असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. अक्षराच्या आकाराविषयीचे हे निरीक्षण खरे आहे. परंतु कोणत्याही विद्यार्थ्याने ब्राह्मी लिपी शिकून ही शिवी दिलेली नसते. ती कानाला जड वाटते, एका अक्षरात संपते आणि समोरच्याला उत्तर सुचू देत नाही, एवढे तिच्या प्रसाराला पुरेसे ठरले असावे.

४.१ अभ्यस्त शब्द

मराठी व्याकरणात अभ्यस्त शब्दांचे पूर्णाभ्यस्त, अंशाभ्यस्त व अनुकरणवाचक असे तीन प्रकार मानले जातात. हास्याच्या दृष्टीने शेवटचे दोन विशेष महत्त्वाचे आहेत.

बोलण्यात कोणत्याही शब्दाच्या पहिल्या अक्षराच्या जागी 'बि' घालून त्याचा प्रतिध्वनी तयार करता येतो. उदाहरणार्थ, 'चहाबिहा', 'गाडीबिडी', 'पुस्तकबिस्तक'. या रचनेचा अर्थ 'ते आणि तत्सम काही' असा होतो. 'चहाबिहा घेणार का?' या प्रश्नात विनोद नाही, कारण चहाबरोबर इतरही काही घेतले जाते. परंतु 'मोक्षबिक्ष', 'तत्त्वज्ञानबित्त्वज्ञान' किंवा 'संशोधनबिंशोधन' असे म्हटले की श्रोता हसतो. मोक्ष ही एकमेवाद्वितीय मानली गेलेली गोष्ट आहे. 'बि'मुळे ती एकदम किरकोळ वस्तूंच्या गठ्ठ्यात जाऊन पडते. निरर्थक 'बिक्ष' मूळ शब्दाच्या शेजारी उभा राहून त्याचा मोठेपणा कमी करतो. या ठिकाणी ध्वनी आणि अर्थ यांचे कार्य वेगळे काढता येत नाही. मूळ शब्द जितका भारदस्त, तितके हसू अधिक, असा साधारण नियम या रचनेतून हाती येतो.

अनुकरणवाचक शब्दांचे कार्य निराळे आहे. 'तो पडला' हे वाक्य ऐकून श्रोता चौकशी करील. 'तो धप्पकन पडला' हे ऐकून प्रथम हसेल व मग चौकशी करील. 'धप्पकन' हा पोते पडल्याचा आवाज आहे. माणसाच्या पडण्याला पोत्याचा आवाज मिळाला की बर्गसाँ यांनी सांगितलेली अट पूर्ण होते, माणूस क्षणभर वस्तू होतो. 'टुणकन', 'पचकन', 'भसकन' या शब्दांनी हेच घडते. मात्र ज्याच्या पडण्यात हाड मोडले असेल, त्याच्याविषयी बोलताना सामान्य मराठी भाषक 'धप्पकन' हा शब्द आपण होऊन टाळतो. निरुपद्रवीपणाची अट भाषेच्या वापरात अशी सहज पाळली जाते.

५. अर्थ, वस्तू आणि प्रतिष्ठा

उंचावरचा शब्द खाली आणणे हा हास्यनिर्मितीचा मराठीतील अत्यंत समृद्ध मार्ग आहे. 'ध्यान' म्हणजे चित्ताची एकाग्रता, पण 'काय ध्यान आहे!' म्हटले की समोर गबाळा माणूस उभा राहतो. 'अवतार' परमेश्वर घेतो, पण 'हा काय अवतार?' हा प्रश्न विसकटलेल्या केसांना उद्देशून असतो. 'वल्ली' या शब्दाच्या मुळाशी सत्पुरुषवाचक अरबी शब्द आहे, मराठीत तो विक्षिप्त माणसाला लागला. 'श्रीमुखात भडकावणे' या वाक्प्रयोगात तर 'मुख' हा आदराचा शब्द 'श्री'सह येतो आणि लगेच त्याच्यावर थप्पड बसते. प्रस्तावनेतील त्रयींत खालचा शब्द हसवीत होता, येथे वरचा शब्द हसवितो. म्हणजे हसू वरच्या किंवा खालच्या शब्दात नसून त्यांच्यातील अंतरात आहे.

संख्यावाचक शब्दांतही हे दिसते. अपूर्णांक विनोदी असतात, असे 'दीडशहाणा' या शब्दावरून वाटेल. परंतु 'साडेतीन मुहूर्त' आणि 'साडेतीन शक्तिपीठे' यांत विनोदाचा लवलेश नाही. पेशवाईतील 'साडेतीन शहाणे' हा तर गौरव आहे. शहाणपणाचे माप एक पुरे असता त्याहून अर्धे जास्त झाले, या कल्पनेत 'दीडशहाणा'चे हसू आहे, केवळ 'दीड' मध्ये नाही.

वस्तूंनाही अशीच प्रतिष्ठेची उतरंड असते. घोडा दिमाखदार, गाढव हास्यास्पद. आंबा रसिकतेचा, भोपळा परीक्षेतील शून्याचा. शाल सन्मानाची, लंगोट थट्टेचा. वास्तविक गाढवाचे श्रम घोड्यापेक्षा कमी नाहीत आणि भोपळ्याने कोणाचे वाईट केलेले नाही. परंतु हसवणाऱ्या वस्तू बहुधा शरीराशी, पोटाशी किंवा घरातील किरकोळ व्यवहाराशी निगडित असतात. मोठ्या गोष्टी चालू असता शरीर मध्येच आपली आठवण करून देते, हे दृश्य बर्गसाँ यांनीही विनोदी मानले आहे. गंभीर सभेतील ढेकर हे त्याचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण होय.

मराठी विनोदी वाङ्मयातील ग्रंथनामे या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहेत. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांच्या लेखसंग्रहाचे नाव 'सुदाम्याचे पोहे'. १९१० च्या आवृत्तीत त्याला 'अठरा धान्यांचे कडबोळे' अशी जोड होती. राम गणेश गडकरी यांनी 'बाळकराम' या नावाने लिहिलेल्या एका प्रसिद्ध लेखाचे शीर्षक 'रिकामपणची कामगिरी' असे आहे. त्यातील दोन्ही शब्द साधे, पण एकमेकांना खोटे पाडणारे आहेत. प्रल्हाद केशव अत्रे यांनी 'केशवकुमार' या नावाने १९२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विडंबनकवितांना 'झेंडूची फुले' म्हटले, कवितेच्या प्रांतात नेहमीची असलेली जाई, जुई किंवा बकुळ नव्हे. चिं. वि. जोशी यांच्या 'चिमणराव' या नायकाच्या नावात 'चिमण' हा लहानपणाचा आणि 'राव' हा मोठेपणाचा शब्द एकत्र नांदतात. पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ' या नावात पोर्तुगीजांकडून आलेला, मूर्धन्य 'ट'ची पुनरुक्ती असलेला आणि स्वयंपाकघरातील अत्यंत सामान्य वस्तूचा वाचक शब्द वास्तूच्या नावाच्या जागी येतो. वास्तूला देवाचे, पूर्वजाचे किंवा निदान मालकाचे भारदस्त नाव असावे, ही अपेक्षा तेथे मोडते. या सर्व नावांतील शब्द सुटे घेतल्यास कोणीही मोठ्याने हसणार नाही. पोहे, झेंडू व बटाटा हे ज्या जागी ठेवले गेले, ती जागा त्यांना हास्यमूल्य देते.

६. सवयीचा परिणाम

अपेक्षाभंग हे हास्याचे कारण असेल, तर अपेक्षा बदलताच हसूही मावळावयास हवे. मराठीच्या इतिहासात याचे प्रमाण मिळते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भाषाशुद्धीच्या चळवळीतून अनेक नवे शब्द पुढे आले. त्या काळी या शब्दांची भरपूर थट्टा झाली. नळ, टाय, सिग्नल यांसारख्या साध्या वस्तूंना लांबलचक संस्कृत समास योजून अशा शब्दनिर्मितीची टवाळी करण्याची प्रथाही पडली. टायला 'कंठलंगोट' म्हणणे हे अशा थट्टेचे नेहमीचे उदाहरण. कंठाला लंगोटाशी जोडणारा हा शब्द आजही हसवितो, कारण तो थट्टेपुरताच राहिला, वापरात आला नाही. याउलट 'महापौर', 'दिनांक', 'चित्रपट' हे शब्द इतके रुळले की त्यांचे नवेपण कोणाला जाणवतही नाही. शब्द बदलले नाहीत, श्रोत्यांची अपेक्षा बदलली. क्वचित आढळणारे शब्द अधिक हसवितात, या एंगेलथालर व हिल्स यांच्या निरीक्षणाशी हे सुसंगत आहे.

७. कोणाचे शब्द हास्यास्पद?

येथवरच्या विवेचनाची खरी कसोटी बोलीभाषांच्या संदर्भात लागते. महाराष्ट्राच्या अनेक भागांत व अनेक समाजगटांत 'ण'च्या जागी 'न' उच्चारला जातो. 'पाणी', 'कोण', 'लोणी' यांची 'पानी', 'कोन', 'लोनी' अशी रूपे होतात. खानदेश व वऱ्हाडकडे 'ळ'च्या जागी 'य' येऊन 'डोळा'चा 'डोया' होतो. प्रमाणभाषा बोलणाऱ्या वर्गात असा उच्चार झाला की हशा पिकतो, हा अनेक महाविद्यालयांतील परिचित प्रसंग आहे.

हे हसू ध्वनीमुळे येते, असे हसणाऱ्याला प्रामाणिकपणे वाटते. परंतु मराठीत 'पानी' ऐकून हसणारा तोच विद्यार्थी हिंदीत बोलताना स्वतः 'पानी' म्हणतो. तेव्हा त्याला हसू येत नाही आणि ऐकणाऱ्यालाही येत नाही. दोन्ही ठिकाणी ध्वनी तोच, अर्थ तोच आणि वस्तूही तीच आहे. बदललेली असते ती केवळ अपेक्षा. हिंदीत 'न' अपेक्षित आहे, प्रमाण मराठीत नाही. म्हणून हसू शब्दात नाही, बोलणाऱ्याच्या तोंडातही नाही, ते ऐकणाऱ्याच्या कानातील मापात आहे, हे या एका उदाहरणाने सिद्ध होते.

दुसरे प्रमाण बहिणाबाई चौधरी यांच्या कवितेचे. 'बहिणाबाईंची गाणी' हा संग्रह १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. खानदेशातील बोलीची जी रूपे वर्गातील संभाषणात थट्टेचा विषय होतात, तीच रूपे या कवितेत आदराने वाचली जातात, पाठ केली जातात व परीक्षेत त्यांचे रसग्रहण लिहिले जाते. जळगाव येथील विद्यापीठाला २०१८ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. कवितेची चौकट लाभताच वाचकाची अपेक्षा बदलते आणि हसण्याचे कारण उरत नाही.

बोलीच्या आधारे विनोद होऊच नये, असा याचा अर्थ नाही. गंगाराम गवाणकर यांचे 'वस्त्रहरण' हे मालवणी नाटक १९८० मध्ये रंगभूमीवर आले आणि मच्छिंद्र कांबळी यांच्या अभिनयाने त्याने हजारो प्रयोगांचा पल्ला गाठला. गावातील हौशी मंडळी महाभारतातील प्रसंग रंगवितात आणि पुराणपुरुष मालवणीत बोलू लागतात, ही त्यातील मुख्य विसंगती. परंतु तेथे हसविण्याचे सूत्र बोली बोलणाऱ्यांच्याच हाती आहे. ते आपल्या बोलीला हसत नाहीत, तर पौराणिक नाटकाच्या ठरीव भारदस्तपणाला आपल्या बोलीने हसवितात. या नाटकाने मालवणीचा संकोच कमी केला, वाढविला नाही. वर्गातील हशात मात्र सूत्र दुसऱ्याच्या हाती असते. नियमभंग निरुपद्रवी आहे, असे हसणाऱ्यांना वाटते, ज्याच्यावर हसले जाते त्याला ते तसे वाटत नाही. त्याचा परिणाम पुढच्या तासाला दिसतो. ज्याला उत्तर येते, तो विद्यार्थी हात वर करीत नाही.

ही उतरंड नवी नाही. संस्कृत नाटकात उच्च दर्जाची पुरुषपात्रे संस्कृत बोलत, स्त्रिया व इतर बहुतेक पात्रे प्राकृत बोलत. विदूषक जन्माने ब्राह्मण असूनही प्राकृत बोले, आणि त्याच्या हास्यास्पदतेचा एक भाग या विसंगतीत होता. भरतांनी हास्याचे सहा प्रकार सांगतानाही स्मित व हसित उत्तम प्रकृतीला, विहसित व उपहसित मध्यम प्रकृतीला आणि अपहसित व अतिहसित अधम प्रकृतीला वाटून दिले. ज्या प्राकृतांतून मराठी विकसित झाली, त्या भाषांचे स्थान संस्कृतच्या तुलनेत खालचे मानले जात असे. त्याच मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने अभिजात भाषेचा दर्जा दिला. अशा भाषेच्या भाषकांनी तिच्याच बोलींना हास्यास्पद मानावे, हे तिच्या इतिहासाचे विस्मरण ठरेल.

८. निष्कर्ष

१) शब्दाच्या ध्वनिरूपाला काही प्रमाणात स्वतंत्र हास्यमूल्य असते. निरर्थक शब्दांवरील प्रयोगांतून ते सिद्ध झाले आहे. त्याचे मूळ त्या भाषेतील असंभाव्यतेत आहे, म्हणून एका भाषेतील विनोदी ध्वनी दुसऱ्या भाषेत विनोदी असेलच असे नाही.

२) अर्थयुक्त शब्दांत ध्वनीपेक्षा अर्थक्षेत्र व प्रतिष्ठा यांचा प्रभाव अधिक असतो. मराठीत मूर्धन्य व महाप्राण ध्वनींचे हास्यमूल्य बऱ्याच अंशी त्यांच्या देशी व घरगुती स्थानातून आलेले आहे.

३) हसू वरच्या किंवा खालच्या शब्दात नसून दोन स्तरांतील अनपेक्षित भेटीत असते. 'मोक्षबिक्ष', 'श्रीमुखात भडकावणे' व 'चिमणराव' ही त्याची तीन वेगवेगळी रूपे होत.

४) सवयीने हास्यमूल्य क्षीण होते. रुळलेला शब्द हसवीत नाही.

५) बोलीतील उच्चाराला येणारे हसू बोलणाऱ्याविषयी काहीही सिद्ध करीत नाही, ते ऐकणाऱ्याच्या अपेक्षेची मर्यादा दाखविते.

मराठी शब्दांच्या हास्यमूल्याची मोजणी करावयाची झाल्यास ती एकाच शहरातील श्रोत्यांवर करून भागणार नाही. पुणे, जळगाव, नागपूर व सावंतवाडी येथील श्रोत्यांनी त्याच शब्दांना दिलेले गुण शेजारी ठेवावे लागतील आणि त्यांतील फरक हाच अभ्यासाचा खरा विषय ठरेल. तोपर्यंत भाषेच्या अध्यापकाला एक लहानसा उपाय सहज करता येईल. वर्गात एखाद्या उच्चाराला हशा पिकला, तर तेथेच 'पानी' या शब्दाचे मराठीतील व हिंदीतील उदाहरण फळ्यावर लिहावे आणि हसू कोठून आले, हे विद्यार्थ्यांनाच शोधावयास सांगावे. भाषाविज्ञानाचा तो एक चांगला पाठ होईल. आणि पुढच्या तासाला हात वर करणाऱ्यांत कदाचित एकाची भर पडेल.